बेचाळीस: सभासद की रुपये?

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेला मी बिलं काढायचा छोटा प्रोग्राम लिहून दिला आहे. बेळगावहून जांबोटीकडे जाताना हे गाव लागतं. पावसाळ्यात तिथं विजेचा भरवसा नाही आणि नेटवर्कचा त्याहून नाही. त्यामुळे सगळं संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर, लिनक्सवर, इंटरनेटशिवाय चालतं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, शेजारच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावत्या निघतात. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, शेवटी दहा दिवसांची बेरीज. पावतीवर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी, कारण संस्थेचे सभासद दोन्हींकडचे आहेत.

कमांड मी मराठीतच ठेवल्या होत्या. क्लार्क ताईंना मराठी कीबोर्डची सवय, मग दर वेळी इंग्रजीत का जायला लावायचं? प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आहे. पायथॉनला देवनागरी ऑप्शनची (ऑप्शन म्हणजे कमांडच्या पुढे डॅश लावून लिहायची सूचना) काही अडचण येत नाही. आकड्यांचीही येत नाही: ‘४२’ हा शब्द पूर्णांकात बदलायला सांगितला की तो बेचाळीसच देतो. संस्थेतल्या एका कानडी मुलानं एकदा कानडी आकडे टाइप केले होते, तेही बिनबोभाट चालले. याचा मला फार आनंद झाला होता. (काळ्या पडद्यावर वेलांट्या-उकार अधूनमधून जागा सोडतात, पण वाचता येतं.)

घोटाळा झाला तो कपातीच्या ऑप्शनमध्ये. प्रोग्राम माझा, चूकही माझी. पण ही चूक ज्या जागी झाली ती जागा फसवी आहे आणि भल्याभल्या प्रोग्रामांत ती आहे. म्हणून प्रकरण पहिल्यापासून लिहितो.

सभासद संस्थेकडून पशुखाद्याची पोती उचलतात, कधी हातउसने पैसे घेतात. ती उचल बिलातून थोडी थोडी कापली जाते. सेक्रेटरी अण्णांनी मला तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. एखाद्या वेळी कपात नकोच, म्हणजे बेंदूर, दिवाळी अशा सणांच्या आधीचं बिल. नेहमीच्या वेळी प्रत्येकाच्या उचलीच्या नोंदीप्रमाणे कपात. आणि क्वचित, सभेत ठरलं तर, सगळ्यांकडून एकच ठराविक रक्कम. तीन तऱ्हा ऐकल्या आणि मला लगेच सुचलं की हे एकाच ऑप्शनमध्ये बसतं:

बिल
बिल --कपात
बिल --कपात १००

पहिल्यात ऑप्शनच नाही, म्हणून कपात नाही. दुसऱ्यात ऑप्शन आहे पण व्हॅल्यू, म्हणजे त्यापुढची रक्कम, नाही, म्हणून नोंदीप्रमाणे. तिसऱ्यात व्हॅल्यूही आहे, म्हणून शंभर रुपये. पायथॉनमध्ये कमांडचे शब्द वाचणारं ‘आर्गपार्स’ नावाचं मॉड्यूल आहे, त्यात यासाठी तयार सोय आहे. ऑप्शनच्या ‘एनआर्ग्ज’ला प्रश्नचिन्ह द्यायचं, म्हणजे व्हॅल्यू असली तर एक, नसली तरी चालेल. ऑप्शन मुळीच आला नाही तर ‘डिफॉल्ट’ लागू होतं, नुसता आला तर ‘कॉन्स्ट’, आणि व्हॅल्यूसकट आला तर ती व्हॅल्यू. तीन तऱ्हा, तीन जागा.

शिवाय पुढे सभासद क्रमांक द्यायची मुभा ठेवली होती. ‘बिल ४२’ म्हटलं की फक्त बेचाळीस नंबरच्या सभासदाचं बिल, क्रमांक दिलाच नाही तर सगळ्यांचं. हेही मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

सात-आठ महिने सुरळीत गेले. नंतर जुन्या क्लार्क ताई बाळंतपणासाठी माहेरी गेल्या आणि त्यांच्या जागी नवीन ताई आल्या. मी अर्धा दिवस बसून त्यांना सगळं दाखवलं. त्या हुशार आहेत, वहीत प्रत्येक कमांड लिहून घेतली. दहा तारखेला रात्री त्यांनी पहिल्यांदा एकट्यानं बिलं काढली. ‘बिल --कपात’ म्हटलं आणि १८६ पावत्या व्यवस्थित निघाल्या. फक्त बेचाळीस नंबरची पावती छापताना कागद अडकून फाटला होता. ती एकच परत काढायची म्हणून त्यांनी टाइप केलं:

बिल --कपात ४२

प्रिंटर सुरू झाला तो थांबेना. एक नंबरपासून सगळ्या पावत्या पुन्हा निघायला लागल्या. ताईंना वाटलं, कागद अडकला होता म्हणून मशीन पहिल्यापासून सगळं परत काढतंय. दुसरा गठ्ठा अखंड आणि स्वच्छ होता. सकाळी वाटायला त्यांनी तोच घेतला आणि पहिला कपाटात ठेवला.

अकरा तारखेला सकाळी दूध घालायला आलेल्यांची रांग लागली, पावती आणि रोख रक्कम हातात द्यायला सुरुवात झाली. एकतीस जणांचं झालं होतं तेवढ्यात एका आजींनी पावती उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, “म्या एक पोतंबी उचललं न्हाई, मग ह्ये बेचाळीस कशाचं?”

ताईंनी पुढची पावती बघितली. तिच्यावरही कपात बेचाळीस. त्या पुढचीवरही. दोन हजारांची उचल असलेल्यालाही बेचाळीस आणि दमडीची उचल नसलेल्यालाही बेचाळीस. मला फोन आला, “दादा, सगळ्यांचं बेचाळीस बेचाळीस कापलंय की ओ!”

मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की कमांड काय दिली होती. त्यांनी वाचून दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी अगदी सरळ मराठीत विचार केला होता: बिल, कपातीसह, बेचाळीसचं. प्रोग्रामनं वाचलं: बिल, बेचाळीस रुपये कपात, सगळ्यांचं. १८६ जणांचे ७,८१२ रुपये.

आता आत नेमकं काय घडलं ते बघू. आपण टाइप केलेली ओळ आधी शेलकडे, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जाते. शेल ती मोकळ्या जागांवर तोडतो आणि शब्दांची यादी प्रोग्रामच्या हाती देतो. कमांडचं नाव सोडलं तर या यादीत पहिला शब्द ‘--कपात’, दुसरा ‘४२’. दुसरा शब्द पहिल्याचा सोबती आहे की स्वतंत्र, हे यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. ते ठरवायचं काम प्रोग्रामवर पडतं.

आर्गपार्स ते कसं ठरवतं हे मी त्या रात्री त्याचा कोड उघडून वाचलं. तो प्रत्येक शब्दासाठी एक अक्षर लिहितो: डॅशनं सुरू होणाऱ्या ऑप्शनसाठी ‘ओ’, साध्या शब्दासाठी ‘ए’. आमच्या ओळीचा नमुना झाला ‘ओए’. मग प्रश्नचिन्हवाला ऑप्शन आला की तो पुढे एखादा ‘ए’ आहे का बघतो, आणि असला तर उचलतो. नंतर उरलेल्या शब्दांतून सभासद क्रमांक भरले जातात. उरलं काहीच नव्हतं, आणि काही नसलं तर सगळे सभासद, हे तर मीच ठरवून ठेवलं होतं.

जुन्या ताई नेहमी ‘बिल ४२ --कपात’ असं लिहायच्या. तिथं नमुना ‘एओ’ होतो. ऑप्शनच्या पुढे घ्यायला काही नसतं, म्हणून बरोबर चालतं. आठ महिने माझा प्रोग्राम चालला तो एका बाईंच्या शब्द लिहिण्याच्या क्रमावर. मी चाचण्या केल्या होत्या, त्या जुन्या वहीत अजून आहेत: नुसता ऑप्शन, रक्कम असलेला ऑप्शन, रक्कम आणि त्यापुढे क्रमांक, क्रमांक आणि त्यापुढे ऑप्शन. ऑप्शन आणि त्यापुढे नुसता क्रमांक, ही पाचवी तऱ्हा वहीत नाही. ती मला सुचली नाही कारण ‘कपातीनंतर येते ती रक्कम’ हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

व्हॅल्यू पूर्णांकच असली पाहिजे अशी अट मी घातली होती. सभासद क्रमांकाऐवजी तिथं गावाचं किंवा फाईलचं नाव असतं तर त्या अटीनं आरडाओरडा केला असता. इथं रक्कमही आकडा आणि क्रमांकही आकडा. अटीला दोन्ही सारखेच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच. चूक होते तेव्हा प्रोग्राम अडला तर ते परवडतं, निदान कळतं. इथं तो अडला नाही. गुणाकार-बेरीज अचूक करून सुबक पावत्या छापत गेला.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही हे शोधायला बसल्यावर कळत गेलं. युनिक्सच्या (लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या) जगात यावर फार पूर्वी विचार झालेला आहे. पॉझिक्स या तिथल्या सामायिक मानकाच्या मार्गदर्शक नियमांतला सातवा नियम सरळ सांगतो की ऑप्शनची व्हॅल्यू ऐच्छिक नसावी. एकतर घ्यावी, नाहीतर घेऊच नये. तरीही लोकांना तिसरी तऱ्हा हवी असते, म्हणून सी भाषेतल्या, ऑप्शन वाचणाऱ्या ‘गेटऑप्ट’मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं ती वाढवली. ऑप्शनच्या अक्षरापुढे एक कोलन म्हणजे व्हॅल्यू हवीच, दोन कोलन म्हणजे ऐच्छिक. पण तिथं एक कडक बंधन आहे: ऐच्छिक व्हॅल्यू ऑप्शनला चिकटूनच हवी, लांब नावाच्या ऑप्शनला बरोबरच्या (=) चिन्हानं जोडलेली हवी. ऐच्छिक व्हॅल्यू म्हणून सुटा शब्द गेटऑप्ट कधीच उचलत नाही. म्हणजे आर्गपार्सच्या नेमकं उलट. एका पद्धतीवर हात बसलेला माणूस दुसरीकडे गेला की फसतो.

रोजच्या वापरातही हे दिसतं. लिनक्सवर फाईलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडला रंगाचा ऑप्शन आहे. त्याच्यापुढे जागा सोडून ‘नेव्हर’ लिहिलं तर एलएस रंग बंद करत नाही, ‘नेव्हर’ नावाची फाईल शोधायला जातं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटला पासवर्डच्या छोट्या ऑप्शनपुढे जागा सोडून पासवर्ड दिला तर तो तुम्हाला पासवर्ड विचारत बसतो आणि तुम्ही लिहिलेला शब्द डेटाबेसचं नाव समजतो. फाईलीतला मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ कमांडचा जागच्या जागी बदल करणारा ऑप्शन लिनक्सवर ऐच्छिक व्हॅल्यू घेतो आणि मॅकवर सक्तीची, म्हणून एकाच ओळीचे दोन मशीनवर दोन अर्थ होतात.

मला सगळ्यात पटलं ते गो भाषेच्या ‘फ्लॅग’ पॅकेजच्या माहितीत दिलेलं कारण. तिथं हो-नाही प्रकारच्या ऑप्शनला सुटी व्हॅल्यू देताच येत नाही. का, तर ऑप्शनच्या पुढे तारांकन लिहिलं की शेल त्याच्या जागी फोल्डरमधल्या फाईलींची नावं भरतो. त्यात एखाद्या फाईलचं नाव ‘शून्य’ किंवा ‘फॉल्स’ निघालं तर कमांडचा अर्थच फिरेल. म्हणजे माणसानं काय टाइप केलं यावरही नाही, फोल्डरमध्ये त्या दिवशी काय पडलंय यावर प्रोग्रामचं वागणं ठरेल. आमच्याकडे तारांकनाच्या जागी फाटलेली पावती होती एवढंच.

दुरुस्तीसाठी मी दुसऱ्या दिवशी गावी गेलो. पैशांचा हिशोब आधी. नशीब एवढं की पावती छापल्यानं उचलीच्या खात्यात काही लिहिलं जात नाही. ते काम वाटप संपल्यावर संध्याकाळी वेगळ्या कमांडनं होतं. आणि ताईंनी पहिला गठ्ठा फेकला नव्हता. तो बरोबरच होता, फक्त बेचाळीस नंबरची पावती फाटलेली. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून एकतीस जणांचा फरक काढला. ज्यांची उचल नसताना कापलं त्यांना अण्णांनी घरोघरी माणूस पाठवून बेचाळीस रुपये परत दिले. ज्यांचं कमी कापलं गेलं त्यांचं पुढच्या बिलात घ्यायचं ठरलं. उरलेल्यांना पहिल्या गठ्ठ्यातल्या पावत्या दिल्या.

अण्णांचं म्हणणं पडलं की नवीन ताईंना नंबर आधी लिहायला सांगा, विषय संपला. मला ते पटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. उद्या तिसरं कुणी येईल. ज्या चुकीवर प्रोग्राम गप्प बसतो, तिच्यासाठी माणसाच्या वहीत एक ओळ वाढवून भागत नाही.

दोन सुट्या डॅशचाही उपाय आहे. ‘बिल --कपात -- ४२’ लिहिलं तर मधले डॅश सांगतात की इथं ऑप्शन संपले, आणि बेचाळीस हा क्रमांकच ठरतो. मी करून बघितलं, बरोबर चालतं. पण हे ज्याला धोका माहीत आहे त्यालाच सुचणार.

मग वाटलं, ग्नूसारखं करावं. रक्कम द्यायची तर बरोबरचं चिन्ह लावूनच: ‘--कपात=१००’. आर्गपार्समध्ये अशी सक्ती करायचं बटण नाही, पण युक्ती आहे. यादी आर्गपार्सला देण्याआधी आपण स्वतः चाळायची आणि नुसता ‘--कपात’ दिसला की त्याच्या जागी ‘--कपात=नोंद’ ठेवायचा. ऑप्शनला मग नेहमीच व्हॅल्यू असते, तो पुढचा शब्द कधीच उचलत नाही. हे लिहून झाल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, आर्गपार्स ऑप्शनचं नाव अर्धवट लिहिलं तरी ओळखतं. कुणी ‘--कपा ४२’ लिहिलं तर माझी चाळणी ते सोडून देणार आणि बेचाळीस पुन्हा रुपयांत जाणार. अर्धवट नावांची ही मुभा बंद करता येते, पायथॉन ३.५ पासून तशी सोय आहे, आणि ती बंद केलीच पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त जड होती. अण्णांना ‘--कपात १००’ लिहायची सवय आहे. आता त्यातले शंभर सुटे पडणार आणि प्रोग्राम शंभर नंबरच्या सभासदाचं बिल काढणार. चूक तीच, फक्त तोंड दुसऱ्या दिशेला.

इथं मी थांबलो आणि वहीचं नवीन पान घेतलं. एका ऑप्शनमध्ये तीन अर्थ बसवण्याचा हट्टच सोडला. आता ‘--कपात’ कधीच व्हॅल्यू घेत नाही, तो फक्त नोंदीप्रमाणे कपात. सगळ्यांकडून एकच रक्कम घ्यायची तर ‘--ठराविक-कपात’, आणि त्याला रक्कम सक्तीची. दोन्ही एकत्र दिले तर प्रोग्राम नकार देतो. टाइप करायला चार अक्षरं जास्त लागतात, पण ही कमांड वर्षातून एक-दोनदा लागते.

आणि सुटे आकडे घेणंच बंद केलं. एका सभासदाचं बिल हवं तर ‘--सभासद ४२’, सगळ्यांचं हवं तर ‘--सगळे’. दोन्हींपैकी काहीच नसेल तर बिल निघत नाही. ‘काही सांगितलं नाही म्हणजे सगळे’ हा माझा जुना नियम या प्रकरणात कपातीच्या ऑप्शनइतकाच दोषी होता. ऑप्शननं एक शब्द गिळला आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ १८६ माणसं असा झाला. रिकाम्या जागेला एवढा मोठा अर्थ द्यायला नको होता.

शिवाय छापण्याआधी आता एक ओळ येते: किती पावत्या, एकूण कपात किती, छापू का. त्या रात्री ‘१८६ पावत्या’ एवढं जरी पडद्यावर दिसलं असतं तरी ताईंनी हात आवरला असता.

चुकीचा संदेशही मी बदलला. आर्गपार्स ओळखू न आलेल्या शब्दांवर इंग्रजीत कोरडा संदेश छापून बंद होतं. पण उरलेले शब्द वेगळे मागून घेता येतात, तसे ते घेतले. आता कुणी जुनी कमांड दिली तर पडद्यावर येतं:

‘४२’ हे काय ते कळलं नाही. काहीही छापलेलं नाही.
सभासद क्रमांक असेल तर लिहा: --सभासद ४२
रक्कम असेल तर लिहा: --ठराविक-कपात ४२

‘काहीही छापलेलं नाही’ हे वाक्य ताईंनी घालायला लावलं. त्या म्हणाल्या, “पडद्यावर काय तरी लाल येतंय तवा आधी भीती हीच वाटते बघा, की आत काय तरी झालं.” त्यांचं बरोबर होतं.

वीस तारखेच्या बिलाला मी मुद्दाम तिथं थांबलो. ताईंनी आधी सगळ्यांची बिलं काढली, मग स्वतःहून ती जुनी कमांड पुन्हा टाइप केली आणि प्रिंटरकडे बघत राहिल्या. प्रिंटर हलला नाही. पडद्यावरच्या तीन ओळी त्यांनी वाचल्या, ‘बिल --कपात --सभासद ४२’ लिहिलं, एक पावती आली, ती फाडून गठ्ठ्यात लावली.

पलीकडच्या गावातल्या संस्थेनं मागच्या वर्षी माझ्याकडून हाच प्रोग्राम नेला होता. त्यांच्याकडे अजून जुनीच प्रत चालू आहे. शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन जाणार आहे. तोवर त्यांना फोनवर सांगून ठेवलंय की नंबर आधी लिहा, कपात नंतर, आणि एकच पावती हवी असताना दुसरी निघायला लागली तर आधी प्रिंटरची वायर काढा, मग मला फोन करा.